नवोदय विद्यालयातील सहावीचा प्रवेश: पालकांसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे जिल्ह्यातील सर्व तालुक्यांमधून चाचणीद्वारे निवडलेल्या मुलामुलींसाठी केंद्र सरकारने चालवलेली सहावी ते बारावीची निवासी शाळा. १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्याकडील अमरावती अशा दोन ठिकाणी या प्रयोगाची सुरुवात झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याला देशव्यापी रूप दिले, आणि आज तमिळनाडूचा अपवाद वगळता सर्व राज्यांत या शाळा आहेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील नवोदय विद्यालय समिती त्या चालवते, अभ्यासक्रम सीबीएसईचा असतो, आणि महाराष्ट्रातील विद्यालये समितीच्या पुणे विभागीय कार्यालयाकडे येतात. शाळा जिल्ह्याची असली तरी ती जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी असतेच असे नाही. पुणे जिल्ह्याचे विद्यालय शिक्रापूरला, कोल्हापूरचे कागलला, सांगलीचे पलूसला, तर गडचिरोलीचे घोटला आहे.

सहावीच्या वर्गात दरवर्षी जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. एवढ्या जागांसाठी जिल्हाभरातून अर्ज येतात, त्यामुळे पालकांचे सगळे लक्ष साहजिकच परीक्षेच्या तयारीकडे जाते. प्रत्यक्षात अनेकांचे घोडे परीक्षेत अडत नाही, कागदांत अडते. मूल कोणत्या गावातील शाळेत, कोणत्या इयत्तेत, किती दिवस शिकले याच्या नोंदी निवडीनंतर बारकाईने तपासल्या जातात, आणि त्या नोंदी पाचवीत बसून बदलता येत नाहीत. म्हणूनच ज्यांना हा मार्ग हवा आहे त्यांनी मूल तिसरीत असतानाच पुढील बाबी समजून घ्याव्यात.

पहिली पायरी: पात्रता

मूल ज्या जिल्ह्याच्या विद्यालयासाठी अर्ज करणार, त्याच जिल्ह्यातील शासकीय किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते त्या वर्षी पाचवीत शिकत असले पाहिजे आणि पालकांचे वास्तव्यही त्याच जिल्ह्यात असले पाहिजे. घर एका जिल्ह्यात आणि सीमेपलीकडची शाळा दुसऱ्या जिल्ह्यात, अशी स्थिती असलेल्या कुटुंबांनी याचा विचार पाचवी सुरू होण्यापूर्वीच करावा. बदलीची नोकरी असलेल्यांना आणि हंगामी स्थलांतर करणाऱ्यांना हा नियम विशेष जाचक ठरतो, कारण मूल आजोळी शिकत असेल आणि आईवडिलांचे रहिवासाचे कागद दुसऱ्या जिल्ह्यातील असतील, तर चाचणीत उत्तम गुण मिळवूनही प्रवेशाच्या वेळी अडचण उभी राहते. जिल्ह्याचे विभाजन झाले असेल आणि नव्या जिल्ह्यात अजून विद्यालय सुरू झाले नसेल, तर जुन्या जिल्ह्याच्याच सीमा ग्राह्य धरल्या जातात.

वयाची मर्यादा दरवर्षी पुढे सरकते. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी जन्मतारीख १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या दरम्यानची, दोन्ही दिवस धरून, असणे आवश्यक होते. त्यापुढच्या वर्षाची मर्यादा त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावी. ही चाचणी एका मुलाला एकदाच देता येते, आणि पाचवी आधीच उत्तीर्ण झालेल्या किंवा तोच वर्ग पुन्हा करणाऱ्या मुलाला बसता येत नाही. काही शिकवणी वर्ग मुलाला एक वर्ष मागे ठेवून 'पक्की तयारी' करून देण्याचा सल्ला देतात. हा सल्ला मुलाच्या दृष्टीने अन्यायाचा तर आहेच, शिवाय शाळेच्या हजेरीपटात आणि यू-डायस या विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत इयत्तांचा क्रम दिसत असल्यामुळे तो धोक्याचाही आहे.

सर्वांत जास्त गैरसमज आहेत ते ग्रामीण कोट्याबद्दल. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांसाठी असतात, म्हणजे ८० पैकी निदान ६०. उरलेल्या जागा खुल्या असून त्यांवर शहरी आणि ग्रामीण दोन्ही मुले गुणवत्तेनुसार येतात. येथे 'ग्रामीण' हे घरावरून ठरत नाही. शाळा कोठे आहे यावरून ठरते. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातील शाळेत झालेली असली तरच मूल ग्रामीण धरले जाते, आणि या तीन इयत्तांमध्ये एक दिवस जरी शहरी भागातील शाळेच्या पटावर नाव असले तरी ते शहरी ठरते. वाडीवर राहणारे, पण शाळेच्या गाडीने तालुक्याच्या गावी जाऊन नगरपरिषद हद्दीतील शाळेत शिकणारे मूल या हिशेबात शहरी आहे. आपल्याकडे अनेक तालुक्यांची ठिकाणे गेल्या काही वर्षांत ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आहेत, पण गावात वावरताना तो बदल जाणवत नाही. लोक अजूनही 'आपलं खेडंच आहे' असे म्हणतात आणि अर्जात ग्रामीण लिहून मोकळे होतात. शाळा नेमकी कोणत्या हद्दीत येते हे मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे, आणि शंका असेल तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून खात्री करून घ्यावी. खोटे ग्रामीण प्रमाणपत्र मिळवून देणारे महाभाग असतात. त्यांच्या नादी लागू नये, कारण माहिती चुकीची आढळल्यास प्रवेश रद्द होतो आणि तोवर मुलाचे जुन्या शाळेतून नाव निघालेले असते.

दुसरी पायरी: आरक्षण आणि त्याचे दाखले

एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी जिल्ह्यातील त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखल्या जातात. हे प्रमाण अनुक्रमे १५ आणि ७.५ टक्क्यांपेक्षा कमी नसते आणि दोन्ही मिळून ५० टक्क्यांपेक्षा जास्त नसते. इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के जागा आहेत आणि दिव्यांग मुलांसाठी केंद्राच्या नियमाप्रमाणे तरतूद आहे.

ओबीसींच्या बाबतीत येथे केंद्राची यादी चालते, राज्याची नव्हे, हा मुद्दा महाराष्ट्रातील पालकांच्या हमखास लक्षातून सुटतो. राज्यात व्हीजे-एनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) म्हणून स्वतंत्र टक्केवारी मिळणाऱ्या अनेक जाती केंद्रात ओबीसी म्हणूनच गणल्या जातात, तर राज्याच्या एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गाला केंद्रीय यादीत स्थान नाही. त्यामुळे आपली जात केंद्रीय यादीत आहे का, हे आधी पाहावे आणि मगच केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यासाठी सेतू किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज करावा. जून-जुलैत दाखल्यांसाठी झुंबड उडते, तेव्हा हे काम आदल्या हिवाळ्यातच उरकलेले बरे.

तिसरी पायरी: अर्ज

अर्ज फक्त ऑनलाइन भरला जातो आणि त्याला शुल्क नाही. साधारणपणे जून-जुलैपासून समितीच्या संकेतस्थळावर तो उपलब्ध होतो. मुदत बऱ्याचदा वाढते, पण मुदतवाढीवर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही, कारण शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ रडतखडत चालते आणि सायबर कॅफेत घाईघाईने भरलेल्या अर्जांत चुका राहतात. संगणकाची सवय नसलेल्या पालकांसाठी प्रत्येक नवोदय विद्यालयात मोफत मदत कक्ष असतो.

अर्ज भरायला बसण्यापूर्वी मुलाचे छायाचित्र, मुलाची स्वाक्षरी, पालकांची स्वाक्षरी आणि मुख्याध्यापकांनी प्रमाणित केलेले विहित नमुन्यातील प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवावे. या प्रमाणपत्रात तिसरी ते पाचवीच्या शाळांचा तपशील असतो, आणि पुढे सगळी तपासणी याच तपशिलाच्या आधारे होते. म्हणून मुख्याध्यापकांकडून ते भरून घेताना त्यांच्या शेजारी बसून निर्गम उताऱ्याशी, म्हणजे शाळेच्या पटनोंदीच्या उताऱ्याशी, ताडून पाहिले तर कोणी वावगे मानणार नाही. आधार कार्डावरील नाव, शाळेतील नाव आणि जन्मदाखल्यावरील नाव यांत फरक असेल, म्हणजे एकीकडे 'साईराज' आणि दुसरीकडे 'सायराज' असा अक्षराचा जरी फरक असेल, तर तो चौथीतच दुरुस्त करून घ्यावा.

अर्जातील दोन रकाने विशेष जपून भरावेत. एक, क्षेत्र: ग्रामीण की शहरी. दुसरा, परीक्षेचे माध्यम. चाचणी मराठीतून देता येते, आणि मूल मराठी शाळेत शिकत असेल तर मराठीच निवडावी. सहावीत गेल्यावर इंग्रजी लागणारच म्हणून आतापासून इंग्रजी प्रश्नपत्रिका मागणे हा मुलावर विनाकारण टाकलेला भार आहे. मुदत संपल्यानंतर काही दिवस दुरुस्तीची खिडकी उघडते, पण तेव्हा मोजक्याच नोंदी बदलता येतात. भरलेल्या अर्जाची छापील प्रत आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवावा, कारण प्रवेशपत्र काढताना त्याचीच गरज पडते.

चौथी पायरी: तयारी

चाचणी ८० प्रश्नांची, १०० गुणांची आणि दोन तासांची असते. त्यातील ४० प्रश्न म्हणजे ५० गुण बुद्धिमत्तेचे, २० प्रश्न म्हणजे २५ गुण अंकगणिताचे आणि तितकेच भाषेचे. सर्व प्रश्न बहुपर्यायी असून प्रत्येकाला सव्वा गुण आहे आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. हिशेब केला तर एका प्रश्नाला दीड मिनिट मिळते. पाचवीच्या मुलाला ही गती सहज जमत नाही, ती सरावाने येते, आणि म्हणून तयारीचा निम्मा भाग ज्ञानाचा आणि निम्मा गतीचा असतो.

बुद्धिमत्तेचा विभाग पूर्णपणे आकृत्यांचा असतो. वेगळी आकृती ओळखणे, तंतोतंत जुळणारी आकृती शोधणे, अपूर्ण नक्षी पूर्ण करणे, आकृत्यांची मालिका, समसंबंध, भौमितिक आकृती पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद, तुकडे जोडून होणारा आकार आणि लपलेली आकृती असे त्याचे दहा भाग असून प्रत्येकी चार प्रश्न विचारले जातात. या प्रकारांची ओळख शाळेच्या पुस्तकांतून होत नसल्यामुळे पालक थेट जाडजूड मार्गदर्शक पुस्तके आणून मुलासमोर टाकतात. त्याआधी हाताने करून पाहण्याचा टप्पा हवा. चौकोनी कागद घ्यावा, त्याची एकदा घडी घालावी, पुन्हा आडवी घडी घालावी आणि कोपऱ्याजवळ पंचिंग मशीनने एक छिद्र पाडावे. कागद उघडण्यापूर्वी मुलाला विचारावे की छिद्रे किती असतील आणि कोठे असतील. त्याने वहीत खुणा केल्यावरच घडी उलगडावी. चार छिद्रे मिळतील हे बहुतेक मुले पटकन सांगतात, पण ती मध्याजवळ येतात की कडांना, यात फसतात, कारण छिद्र घडीच्या बाजूच्या कोपऱ्यात पाडले की मोकळ्या बाजूच्या, याकडे त्यांचे लक्ष नसते. असे आठवडाभर केले की पुस्तकातील त्या प्रकारचे प्रश्न मूल कागदाला हात न लावता सोडवू लागते. आरशातील प्रतिमेसाठीही घरचा आरसा आणि आकृती काढलेला कागद पुरतो.

अंकगणितात संख्याज्ञान, चार मूलभूत क्रिया, लसावि-मसावि, अपूर्णांक, दशांश अपूर्णांक, मापन, नफा-तोटा, परिमिती आणि क्षेत्रफळ हे घटक येतात. यांतील बरेच पाचवीच्या पाठ्यपुस्तकात आहेत. जे नाहीत, जसे नफा-तोट्याचे काही प्रकार, ते स्वतंत्रपणे शिकवावे लागतात. पाढे तोंडपाठ असलेच पाहिजेत, याला पर्याय नाही. सूत्रे पाठ करून घेण्यापेक्षा पर्याय पाहून अंदाज बांधण्याची सवय लावणे अधिक उपयोगी पडते: उत्तर सम हवे की विषम, शेवटचा अंक कोणता येईल, उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठे हवे की लहान, एवढे पाहिले तरी अनेकदा चारपैकी दोन पर्याय गळतात.

भाषेत चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न असतात. मराठी माध्यमाची मुले येथे गाफील राहतात, कारण 'मराठी तर येतेच' असे सगळ्यांना वाटते. उत्तर उताऱ्यात जसेच्या तसे सापडणारे प्रश्न सोपे असतात. उताऱ्याला शीर्षक निवडणे, अधोरेखित शब्दाचा समानार्थी शब्द त्या वाक्याच्या संदर्भात ओळखणे, किंवा लेखकाने न सांगितलेली पण सूचित केलेली गोष्ट हेरणे, यांत गुण जातात. त्यासाठी रोज काहीतरी वाचून त्याबद्दल दोन वाक्ये बोलायला लावण्याइतका सोपा आणि स्वस्त उपाय दुसरा नाही.

शिकवणी लावावी का, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. घरी कोणी तासभर बसू शकत असेल, किंवा जिल्हा परिषद शाळेतील एखादे शिक्षक मनापासून जादा तास घेत असतील, तर वेगळ्या शिकवणीची गरज मला वाटत नाही. निवासी 'नवोदय बॅच'मध्ये चौथीतल्या मुलाला वर्षभर ठेवणे तर मला अजिबात पटत नाही. शिवाय असा वर्ग शहरात असेल आणि त्यासाठी मुलाचे नाव तेथील शाळेत घातले जात असेल, तर ग्रामीण कोटा तेथेच हातचा जातो.

पाचवी पायरी: परीक्षेचा दिवस

महाराष्ट्रातील चाचणी हिवाळ्यात होते. २०२५-२६ च्या प्रवेशासाठी ती १८ जानेवारी २०२५ रोजी आणि २०२६-२७ साठी १३ डिसेंबर २०२५ रोजी झाली. वेळ सकाळी साडेअकरा ते दीड अशी असते, आणि दिव्यांग मुलांना ४० मिनिटे जादा मिळतात. प्रश्नपत्रिका हातात येताच ती आपण मागितलेल्या माध्यमाचीच आहे ना, हे मुलाने पाहावे आणि नसेल तर लगेच पर्यवेक्षकांना सांगावे. उत्तरे ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने नोंदवायची असतात. पेन्सिल चालत नाही, खाडाखोड किंवा व्हाइटनर चालत नाही. मुलांची खरी फजिती होते ती एक प्रश्न सोडून पुढे गेल्यावर: प्रश्न २३ चे उत्तर २२ च्या ओळीत रंगवले जाते आणि तेथून पुढची सगळी उत्तरे एकेका ओळीने घसरतात. ओएमआरच्या छायाप्रती आणून घरी निदान काही सराव चाचण्या त्याच पत्रिकेवर घ्याव्यात, आणि दर दहा प्रश्नांनंतर क्रमांक ताडून पाहण्याची सवय लावावी. चुकीच्या उत्तराला दंड नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये, हेही मुलाला स्पष्ट सांगून ठेवावे.

सहावी पायरी: निकाल आणि कागदपत्रे

निकाल साधारण मार्चच्या सुमारास लागतो. निवड यादीत नाव येणे म्हणजे प्रवेश नव्हे. कागदपत्रांची पडताळणी झाल्यावरच तो पक्का होतो. जन्मदाखला, तिसरी ते पाचवीच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र, ग्रामीण क्षेत्राचा दाखला, पालकांच्या रहिवासाचा पुरावा, लागू असल्यास जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र ही मुख्य कागदपत्रे. शाळा सोडल्याचा दाखला पडताळणी पार पडल्याशिवाय काढू नये. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर दूरध्वनी क्रमांक बदलू नका आणि विद्यालयाशी संपर्क ठेवा, कारण मिळालेली जागा काही पालक घेत नाहीत आणि त्या जागा याच यादीतून भरल्या जातात.

सातवी पायरी: पाठवण्यापूर्वी

हा विचार खरे तर अर्ज भरण्याआधी व्हायला हवा, पण बहुतेक घरांत तो निकालानंतर होतो. दहा-अकरा वर्षांचे मूल वसतिगृहात राहायला जाणार असते. शिक्षण, निवास, भोजन, गणवेश आणि पाठ्यपुस्तके मोफत असतात. नववीपासून बारावीपर्यंत विद्यालय विकास निधी म्हणून दरमहा ६०० रुपये घेतले जातात, पण मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले, दिव्यांग मुले आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना तो माफ आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी दर वेगळा आणि जास्त आहे.

पैशांचा प्रश्न असा सुटतो, मनाचा सुटायला वेळ लागतो. मुले अरवली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी अशा सदनांत विभागलेली असतात, प्रत्येक सदनाला हाऊस मास्टर असतात, आणि पहाटेच्या कवायतीपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंतचा दिवस घंटेवर चालतो. मोबाइल जवळ ठेवता येत नाही, आणि भेटीचे दिवस विद्यालय ठरवते. अंथरूण घालणे, आपले कपडे धुणे, ताटातले सगळे संपवणे आणि आजारी वाटल्यास मोठ्यांना वेळेत सांगणे, या चार गोष्टी मुलाला उन्हाळ्याच्या सुट्टीत आल्या पाहिजेत. यांतील शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे. ताप अंगावर काढणारी मुले वसतिगृहात हमखास आढळतात. पहिले काही आठवडे मूल प्रत्येक फोनवर आणि भेटीत रडून घरी नेण्याचा हट्ट धरते. तेव्हा घाईने निर्णय घेऊ नये. मात्र ते काही महिन्यांनंतरही जेवत-झोपत नसेल, किंवा मोठ्या मुलांच्या त्रासाबद्दल काही सांगत असेल, तर 'होईल सवय' म्हणून ते उडवून लावू नये. हाऊस मास्टर आणि प्राचार्यांशी लगेच बोलावे.

शिक्षणाच्या माध्यमाचा बदलही ध्यानात घ्यावा. सातवी-आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवले जाते, त्यानंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून. नववीत आणखी एक टप्पा येतो, ज्याला नवोदयची मुले नुसते 'मायग्रेशन' म्हणतात: वर्गातील सुमारे ३० टक्के मुले एका शैक्षणिक वर्षासाठी हिंदी भाषक राज्यातील नवोदय विद्यालयात जातात आणि तेथील मुले इकडे येतात. प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून त्याचे हमीपत्र लिहून घेतले जाते. मुलीला इतक्या लांब पाठवायचे नाही असे नववीत सांगणारे पालक असतात. ज्यांचे मत तसे आहे त्यांनी सहावीतच ते घरात बोलून घ्यावे, सही करून मग माघार घेऊ नये.

सहावीला निवड झाली नाही तर चाचणी पुन्हा देता येत नसली, तरी विद्यालयाचे दार कायमचे बंद होत नाही. नववी आणि अकरावीत रिक्त राहिलेल्या जागांसाठी स्वतंत्र निवड चाचण्या होतात. नववीसाठी मूल त्याच जिल्ह्यातील शाळेत आठवीत शिकत असावे लागते. चाचणी १०० गुणांची आणि अडीच तासांची असून त्यात गणित आणि विज्ञानाला प्रत्येकी ३५ आणि हिंदी व इंग्रजीला प्रत्येकी १५ गुण असतात. या जागा फारच थोड्या असतात, आणि प्रश्न आठवीच्या पातळीचे असल्यामुळे वेगळ्या पुस्तकांपेक्षा आठवीचे गणित आणि विज्ञान नीट झालेले असणे हीच त्याची तयारी.